अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा जरूर लढा. त्याच्या भरवशावर ट्रॅक्टर मात्र घेऊ नका

माननीय हवालदारसाहेब,
स.न.वि.वि.

आपले सविस्तर पत्र आणि सोबतच्या कागदांच्या प्रती मिळाल्या. लष्करातील चोवीस वर्षांची नोकरी पूर्ण करून 2021 मध्ये आपण खटाव तालुक्यातील गावी परतलात. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीपूर्वी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाने) आपला उच्च रक्तदाब 30 टक्के व कायमस्वरूपी ठरवला, परंतु हा आजार नोकरीमुळे झालेला नाही व नोकरीने बळावलेलाही नाही, असा शेरा मारला. दावा फेटाळला गेला आणि पहिले अपीलही नामंजूर झाले. आता एक मध्यस्थ 75,000 रुपये आगाऊ आणि थकबाकीतील 30 टक्के मागतो आहे, आणि त्या थकबाकीच्या आशेवर मेहुणे सात लाखांचे कर्ज काढून ट्रॅक्टर घ्यायला सांगत आहेत. दावा लढावा का आणि कर्ज काढावे का, असे दोन प्रश्न आपण एका दमात विचारले आहेत. त्यांची उत्तरे मात्र एकमेकांच्या उलट आहेत.

आधी रक्कम पाहू. आपण शेवटचे वेतन 45,000 रुपये कळवले आहे. शंभर टक्के अपंगत्वासाठी अपंगत्व घटक, म्हणजे अपंगत्वाबद्दल मूळ निवृत्तिवेतनाच्या वर मिळणारी रक्कम, या वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे 13,500 रुपये होतो. आपले 30 टक्के अपंगत्व नियमाप्रमाणे पूर्णांकित होऊन 50 टक्के धरले जाते. हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या राम अवतार निकालात मान्य केलेले आहे. त्या हिशेबाने दरमहा 6,750 रुपये आणि वर महागाई सवलत होते. आपले मूळ निवृत्तिवेतन 22,500 रुपये असून त्यातील निम्मे कम्युटेशनमध्ये (एकरकमी पैसे आधीच घेतल्याबद्दलच्या कपातीत) गेल्यामुळे 2036 पर्यंत महागाई सवलतीव्यतिरिक्त 11,250 रुपयेच हातात येणार आहेत. त्याच्या शेजारी ठेवून पाहिले, की 6,750 रुपये आपल्या घरासाठी किती मोठे आहेत ते दिसते, आणि ते हयातभर मिळणारे आहेत.

दाव्याची बाजू कशी आहे? भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीत उद्भवला असे गृहीत धरावे आणि तसे नाही म्हणायचे असेल तर बोर्डाने कारण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सांगितले. 2008 च्या नियमांत हे गृहीतक पूर्वीसारखे ठेवलेले नाही आणि सरकारी वकील त्यावरच बोट ठेवतील. तरीही आपल्या बोर्डाच्या कागदावर कारणाच्या रकान्यात ‘आजार शांतता क्षेत्रात (सीमेवरील खडतर भागाबाहेरच्या ठाण्यावर) सुरू झाला’ एवढे एकच वाक्य आहे. त्याच कागदाच्या मागील पानावर, जबलपूरला रक्तदाब पहिल्यांदा सापडण्याच्या पाच महिने आधीपर्यंत आपण दोन वर्षे लडाखमध्ये होता, अशी बदल्यांची नोंद आहे. ही दोन पाने शेजारी ठेवून कोणी वाचलीच नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. निकालाची हमी कोणीही देऊ शकत नाही, पण हा दावा पोकळ नाही.

आता उशिराची किंमत. अशा प्रकरणांत थकबाकी साधारणपणे सशस्त्र दल न्यायाधिकरणात (सैनिकांच्या सेवेविषयीचे वाद ऐकणाऱ्या न्यायासनात) अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मिळेल, असे धरून चालावे. आपल्या निवृत्तीला तीन वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यामुळे अर्ज जितके महिने लांबेल तितके महिने मागच्या टोकाने गळत जातील, आणि प्रत्येक महिन्याला 6,750 रुपये व त्यावरील महागाई सवलत जाईल. दुसरे अपील आपण केलेलेच नाही, ते उशीर का झाला याच्या कारणासह याच आठवड्यात रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा व पावती जपून ठेवा. उपलब्ध उपाय न वापरता आलेला अर्ज न्यायाधिकरण साधारणपणे घेत नाही, पण सहा महिन्यांत अपिलाचे उत्तर आले नाही तर त्याच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते.

मध्यस्थाला मात्र नमस्कार करा. तीन वर्षांची थकबाकी महागाई सवलत सोडून 2,43,000 रुपये होते. तिचे 30 टक्के 72,900 आणि आगाऊचे 75,000 मिळून जवळपास दीड लाख रुपये आपल्या घरातून जातील. शिवाय निकालातील रकमेत वाटा ठरवून फी घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार निषिद्ध आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेले दिसत नाही. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन मोफत विधी साहाय्याची चौकशी करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2025 मध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे. तरीही स्वतःचा वकील करायचा असेल तर ठराविक फी लिहून घ्या. मुदत ठेवीतील सहा लाखांपैकी 40,000 रुपयांपर्यंत यासाठी वेगळे काढायला माझी हरकत नाही, कारण दावा मिळाल्यास ते सहा-सात महिन्यांत भरून निघतात आणि न मिळाल्यास घर कोलमडत नाही.

ट्रॅक्टरला माझा स्पष्ट विरोध आहे. आपण कळवलेला सहामाही हप्ता सुमारे 73,000 रुपये आहे. दावा उद्याच मंजूर झाला असे मानले, तरी सध्याच्या महागाई सवलतीसह सहा महिन्यांचा अपंगत्व घटक पासष्ट हजारांच्या आतच बसतो. प्रत्यक्षात न्यायाधिकरणात जिंकल्यावरही सरकार उच्च न्यायालयात जाऊ शकते, आणि हप्ता त्यासाठी थांबत नाही. तीन एकरांसाठी भाड्याचा ट्रॅक्टर पुरेल. मुलगी बारावीला आहे. ठेवीतील पैसा तिच्या प्रवेशासाठी मोकळा राहू द्या.

आणखी एक गोष्ट वहिनींनाही सांगून ठेवा. अपंगत्व घटक आपल्या हयातीपुरता असतो. आपल्या पश्चात त्यांना साधारणपणे कुटुंब निवृत्तिवेतनच मिळेल. त्यामुळे दाव्याचा निकाल काहीही लागो, मुदतीचा जीवन विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या आणि अर्जात रक्तदाब लपवू नका, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असल्याने वेगळ्या आरोग्य विम्याची घाई नाही. प्राप्तिकराचा प्रश्नही आपल्या एकूण उत्पन्नाला नव्या करप्रणालीत येत नाही.

अपिलाचा मसुदा तयार झाल्यावर बदल्यांची नोंद असलेल्या त्या पानाची प्रत त्याला जोडली आहे ना, हे पाठवण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.