बर्फावरून सामान ओढताना

प्रश्न: मुलगा मिनेसोटात असतो, जानेवारीत आम्ही दोघं जाणार आहोत. तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेणार म्हणतोय, सामान स्लेजवर. बर्फ पातळ असला तर? – एक काका, कोथरूड

उत्तर: काका, पातळ असला तर जायचंच नाही, स्लेज असो नाहीतर नसो. तिथला सरकारी सल्ला सोपा आहे, पायी चालायला निदान 4 इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा, पांढरट असेल तर दुप्पट, आणि एकाच तळ्यावर इथे जाड तिथे पातळ असं असतं म्हणून मुलाला सांगा की पुढे लोखंडी पहारीने ठोकत, मधेमधे भोक पाडून मोजत चाल. स्लेजमुळे वजन पसरतं हे खरं, पण ते सामानाचं, तुमचं नाही! स्लेजची दोरी लांब ठेवा, हातात धरा, कमरेला अजिबात बांधू नका, बर्फ फुटून पाण्यात पडलात तर सुटली पाहिजे. लाइफ जॅकेट घाला, गळ्यात बर्फात रुतवायचे टोचे अडकवा. पडलात तर आलात त्याच दिशेला वळा, टोचे रुतवून पाय मारत वर या आणि उभं न राहता लोळत लांब जा. काकूंना काठावर गरम चहा घेऊन बसवा, तेही काम महत्त्वाचंच.