वाचक विचारतात : शिकाऊ उमेदवारीचे वर्ष कसे वापरावे?

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातला आहे. टर्नर (लेथ यंत्रावर धातूचे भाग कातणारा) ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करून दीड महिन्यापूर्वी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. पहिले पंधरा दिवस कापलेल्या धातूच्या तुकड्यांच्या (चिप्सच्या) ट्रॉल्या ढकलण्यात आणि मशिनभोवतीची जागा साफ करण्यात गेले. आता दिवसभर तयार जॉबच्या (यंत्रावर बनलेल्या भागाच्या) कडेला राहिलेली धातूची खरखरीत किनार, म्हणजे बर, काढायला बसवतात. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनला हात लावू देत नाहीत. जुने ऑपरेटर वाईट वागत नाहीत, पण काही विचारले की 'बघत राहा, येईल' एवढेच म्हणतात. खोलीभाडे आणि मेसचे पैसे दिले की विद्यावेतनातले काही उरत नाही. वडील म्हणतात, वर्ष काढ. मित्र म्हणतात, सोडून दे आणि कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लाग, दोन पैसे जास्त मिळतील. वर्ष वाया जाऊ नये यासाठी मी काय करावे?

उत्तर : मित्रांच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो. हेल्परला हातात पैसे जास्त पडतात हे खरे आहे, आणि महिनाअखेरीला ते किती मोठे वाटतात हे मला ठाऊक आहे. परंतु हेल्परच्या कामाचा वर्षाच्या शेवटी कोणताही कागद मिळत नाही. तुमची उमेदवारी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ याखाली नोंदलेली असेल, तर वर्ष पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते, आणि पुढे सरकारी उपक्रमांच्या किंवा मोठ्या कारखान्यांच्या भरतीत ते उपयोगी पडते. म्हणून या आठवड्यातच एक गोष्ट तपासा. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावाचा करार आहे का, त्यावर ट्रेड 'टर्नर' असाच लिहिला आहे का आणि कराराची सुरुवातीची व शेवटची तारीख बरोबर आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. 'ट्रेनी' म्हणून घेतलेल्या पण करारच न नोंदलेल्या मुलांना वर्ष संपल्यावर परीक्षेला बसता येत नाही, हे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. करार नसेल तर मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा.

विद्यावेतनाबद्दल थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा आयटीआय उत्तीर्ण उमेदवारासाठी दरमहा किमान ७,००० रुपये ठरवण्यात आले होते. तुम्हाला मिळणारी रक्कम त्याहून कमी असेल तर गप्प बसू नका. त्यातला सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होण्याची सोय आहे, त्यामुळे खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करून घ्या.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. बर काढण्याच्या कामाचा तुम्हाला कंटाळा आला आहे, पण त्या टेबलावर बसून जे शिकता येते ते मशिनसमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरलाही दिवसभरात दिसत नाही, कारण मशिनमधून निघालेला प्रत्येक जॉब तुमच्या हातातून जातो. इन्सर्ट, म्हणजे मशिनमधला कापणारा बदलता तुकडा, नवीन असतो तेव्हा कडेला येणारी बर बारीक असते आणि फाइलच्या एका हलक्या फटक्यात निघते. इन्सर्टची धार जसजशी बसत जाते तसतशी बर जाड होते, जॉबचा पृष्ठभाग खरखरीत लागू लागतो आणि मापही हळूहळू सरकू लागते. उद्यापासून एक छोटी वही जवळ ठेवा. इन्सर्ट बदलल्यानंतर कितव्या जॉबपासून बर जाड होऊ लागली, कोणत्या कडेला जास्त आली आणि ऑपरेटरने इन्सर्ट केव्हा बदलला, हे आठ दिवस लिहा. आठ दिवसांनी तुमच्याकडे त्या मशिनची अशी माहिती असेल जी सुपरवायझरलाही ऐकावीशी वाटेल. 'साहेब, अमुक जॉबनंतर बर वाढते, इन्सर्ट त्याआधी बदलला तर रिजेक्शन कमी होईल का?' असे विचारणाऱ्या मुलाला कोणताही शहाणा सुपरवायझर फार दिवस बर काढायला बसवून ठेवत नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची आहे, आणि तिच्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण माझी स्वतःची उमेदवारी तिथेच अडखळली होती. भोसरीच्या एका कारखान्यात मी लेथवर शाफ्ट फिरवत होतो. ड्रॉइंगवर व्यास ५० मिलिमीटर होता आणि सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, वर शून्य, खाली १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अशी होती. शेवटचा कट घेऊन लगेच मायक्रोमीटर लावला की ५० ला एक घर कमी दिसे, म्हणजे १० मायक्रॉन कमी, आणि ते सुटीत बसत होते. असे आठ जॉब मी आनंदाने ट्रेमध्ये लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वरच्या काकांनी काही न बोलता तोच ट्रे आणि तोच मायक्रोमीटर माझ्यासमोर ठेवला. आठही जॉब दोन घरे कमी भरले, म्हणजे सुटीबाहेर गेले. पोलाद तापले की फुगते. एका मीटरला दर अंश सेल्सिअसला साधारण साडेअकरा मायक्रॉन हा त्याचा हिशेब आहे. माझा शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा सुमारे २० अंशांनी गरम असताना मी मोजला होता, त्यामुळे ५० मिलिमीटर व्यासात जवळजवळ साडेअकरा मायक्रॉनची भर पडली होती. गार झाल्यावर ती निघून गेली आणि त्याबरोबर माझे आठ जॉबही गेले. काकांनी मला त्या दिवशी एक वाक्य सांगितले, 'जॉब आणि मायक्रोमीटर एका टेबलावर शेजारी बसू दे, मग माप घे,' आणि ते मी नंतरची सगळी वर्षे पाळले.

म्हणून मशिनला हात लावायला मिळत नसला तरी मापनाची साधने हातात घ्यायला परवानगी मागा. ती सहसा नाकारली जात नाही. मायक्रोमीटर घेतल्यावर आधी दोन्ही तोंडे पुसून शून्य तपासा. दांडी मुठीत धरून आवळू नका, मागच्या रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या घुंडीनेच) फिरवा. नंतर गुणवत्ता विभागाने मोजलेला जॉब मागून तो स्वतः मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा. पहिल्या दिवशी फरक पडेल, दहाव्या दिवशी तो बराच कमी झालेला असेल. ड्रॉइंगचेही तसेच करा. आयटीआयमध्ये ड्रॉइंग हा परीक्षेचा विषय होता, इथे ते भिंतीवर किंवा मशिनवर लावलेले आहे आणि तुमच्या हातातला जॉब त्यावरूनच निघाला आहे. कोणते माप सर्वांत कडक आहे, ते कशासाठी कडक ठेवले असेल आणि पुढे हा भाग कशात बसतो, हे शोधून काढा.

'बघत राहा, येईल' म्हणणाऱ्या काकांवर रागावू नका. त्यांना शिकवण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, आणि शिफ्टमध्ये ठरलेला आकडा त्यांच्या डोक्यावर असतो. सेटिंग चालू असताना किंवा फर्स्ट पीस तपासणीला गेलेला असताना विचाराल तर तुटक उत्तरच मिळेल. शिफ्ट संपण्याआधीची दहा मिनिटे किंवा चहाची वेळ यासाठी चांगली असते. आणि प्रश्न मोकळा सोडू नका, आपले उत्तर त्यात घाला. ऑफसेट म्हणजे मशिनला दिलेली मापाची दुरुस्ती. 'काका, ऑफसेट म्हणजे काय?' असे विचारले तर ते काय काय सांगणार? त्याऐवजी 'काका, व्यास दोन घरे मोठा येत होता तेव्हा तुम्ही ऑफसेट इतका कमी केला, बरोबर ना?' असे विचारा. तुम्ही चुकला असाल तर ते नक्की दुरुस्त करतील, कारण कारागिराला समोरच्याचे चुकीचे आकडे सहन होत नाहीत.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कुणाचेही पाहून वागू नका, जुन्या ऑपरेटरचेही नाही. फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालू नयेत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. चिप्स हाताने ओढू नयेत, त्यासाठी हुक असतो. हाताच्या लेथवर जॉब पकडणाऱ्या चकची चावी चकमध्ये ठेवून क्षणभरही बाजूला होऊ नये. कपड्यांवरची धूळ हवेच्या नळीने उडवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते, तीही धोक्याची आहे. उमेदवाराला कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, असे कायदा सांगतो. परंतु बोट गेल्यावर त्या कलमाचा काय उपयोग?

एक शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण ऐकवून कुणी तुम्हाला वर्षभर ट्रॉल्याच ढकलायला लावत असेल, तर ते शिक्षण नाही. दीड महिना ही सुरुवात समजा. तीन महिन्यांनीही टर्निंगशी संबंधित काम मिळाले नाही, तर आधी सुपरवायझरकडे आणि मग मनुष्यबळ विभागाकडे प्रशिक्षणाचे वेळापत्रक लेखी मागा. प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामावर उमेदवाराला लावू नये, त्याला जॉबच्या संख्येवर पैसे देऊ नयेत आणि मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करायला लावू नये, असे कायद्यात स्पष्ट आहे. तिथेही काही झाले नाही तर शासनाच्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात जाऊन सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांना भेटा. जाताना वही बरोबर न्या. तारीखवार नोंद असलेल्या वहीपुढे तोंडी तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त लक्ष दिले जाते.

प्रश्न : माझी मुलगी विजतंत्री (इलेक्ट्रिशियन) ट्रेडची आहे आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात उमेदवारी करते. तिच्याबरोबरची मुले पॅनलवर काम करतात आणि तिला मात्र ऑफिसमध्ये संगणकावर नोंदी भरायला बसवले आहे. 'मुलीला कशाला धोका?' असे साहेब प्रेमानेच म्हणतात. ती संकोचते, आणि मी बोललो तर तिला त्रास होईल अशी भीती वाटते.

उत्तर : साहेबांचा हेतू चांगला असेल, पण परिणाम वाईट होतो आहे. वर्षाअखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तुमच्या मुलीसमोर स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार सुरू करण्याची एक जोडणी) आला, तर संगणकावरच्या नोंदी तिच्या मदतीला येणार नाहीत. आधी सांगितल्याप्रमाणे प्रशिक्षणाबाहेरच्या कामाला कायद्याचा आधार नाही. तरीही सुरुवात तक्रारीने करू नका, आणि तुम्ही बोलू नका. बोलायचे ते तिनेच, आणि तेही एका नेमक्या मागणीने. आठवड्याची प्रतिबंधात्मक देखभाल ज्या ज्येष्ठ विजतंत्र्याकडे आहे, त्याच्या फेरीबरोबर आपल्याला जाऊ द्यावे, असा दोन ओळींचा अर्ज तिने साहेबांना द्यावा. अशी मागणी नाकारायला कारण सापडणे कठीण असते, आणि ती फेरी म्हणजे या ट्रेडची खरी शाळा आहे.

त्या फेरीत तिने मेगरचे, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाचे, वाचन स्वतः घ्यावे आणि प्रत्येक मोटारीचा इन्सुलेशनचा आकडा तारखेसह लिहावा. ४१५ व्होल्टच्या मोटारीसाठी १ मेगाओहम ही किमान मर्यादा सर्वसाधारणपणे धरली जाते, पण एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. तोच आकडा उन्हाळ्यात किती होता आणि पावसाळ्यात दमट हवेत किती उतरला, हे सलग वाचनांतून दिसते, आणि कोणती मोटार जळण्याच्या वाटेवर आहे हे त्यावरूनच ओळखता येते. संगणकावर नोंदी भरण्याची तिची सवय इथे वाया जाणार नाही. जुन्या देखभाल-नोंदी तिच्याच हाताखालून गेल्या आहेत, तेव्हा कोणता कॉन्टॅक्टर (मोटारीचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) वारंवार बदलला गेला हे तिला आधीच ठाऊक असेल. ते घेऊन तिने त्या पॅनलसमोर उभे राहावे आणि कारण विचारावे.

धोक्याबद्दल साहेबांना वाटणारी काळजी योग्य आहे, फक्त ती मुलींपुरती ठेवू नये. 'लाइन बंद आहे' या कुणाच्याही शब्दावर विसंबून कधीही हात घालू नये, असे तिला सांगा. मुख्य स्विच बंद करून त्याला आपले कुलूप लावायचे आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. मग टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो चालतो हे पाहायचे, नंतर ज्या तारेवर काम करायचे तिथे लावायचा आणि पुन्हा एकदा चालू ठिकाणी लावून तो मधल्या वेळात बंद पडला नव्हता याची खात्री करायची. हे करायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पहिल्या फेरीत तिने हे साहेबांसमोर करून दाखवावे, म्हणजे तिला पॅनलवर पाठवायचे की नाही याचा निर्णय त्यांना सोपा जाईल.