‘टेन्शनचं बीपी’, मिश्रीचा आराम आणि रात्रीची धडधड

या महिन्यात ताणाविषयीची पत्रं सर्वाधिक आली. त्यांपैकी चार निवडली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : वय ४६, सहकारी बँकेत शाखाधिकारी. मार्चअखेरच्या धावपळीत दवाखान्यात दोनदा रक्तदाब १५०/९६ भरला. डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात. घरचे म्हणतात, टेन्शनचं बीपी आहे, मार्च संपला की उतरेल. काय करू?

उत्तर : आधी घरी मोजा. मोजणी पुरी झाल्याशिवाय घरच्यांचं बरोबर की डॉक्टरांचं, हे ठरवता येणार नाही.

ताणाने रक्तदाब चढतो हे खरं आहे. वसुलीच्या यादीवर नजर गेली की काही क्षणांत ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. मागोमाग मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात आणि रक्तातली साखर वाढते. संकट टळलं की हे सगळं ओसरायला हवं. पण वसुलीची काळजी संध्याकाळी सहाला संपत नाही. शिवाय ताणाच्या दिवसांत झोप तुटते, चालणं बंद पडतं, टेबलावर फरसाण येतं, तंबाखूची पुडी लवकर संपते. कायमचा रक्तदाब जडतो त्यात या सोबत्यांचा वाटा मोठा असतो. ते मार्चबरोबर निघून जात नाहीत.

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटावरची यंत्रं हात जरा खाली-वर झाला तरी चुकतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं करा, आकडे वहीत लिहा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. पट्टा दंडाला लहान पडला, हात लोंबकळत राहिला किंवा मोजताना बोलत राहिलात तर आकडा खोटाच वाढीव येतो.

घरची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर तो उच्च रक्तदाबच. कारण टेन्शन असलं तरी रक्तवाहिन्यांना इजा तीच होते, त्यामुळे डॉक्टरांची गोळी घ्या. सरासरी त्याखाली आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यातच चढणारा रक्तदाब बऱ्याच जणांना असतो, आणि त्यावरही पुढे लक्ष ठेवावं लागतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आठवडाभर थांबायचं की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. गोळी सुरू झाली की १ एप्रिलला बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आकडा १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : वय २५, पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करते. अभ्यासिकेतून रात्री बाराला येते, आडवी झाल्यावर छातीत धडधड होते, तीनपर्यंत झोप नाही. दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, पण घेतला की जास्तच गुदमरतं आणि बोटांना मुंग्या येतात.

उत्तर : मुंग्यांचं कारण त्या ‘दीर्घ’ श्वासातच आहे. घाबरल्यावर तुम्ही आधीच जास्त हवा घेत असता. त्यात छाती भरभरून श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग ओठांभोवती, बोटांत मुंग्या आणि चक्कर. त्याने भीती वाढते, श्वास आणखी वाढतो. म्हणून श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पोट हलेल इतकाच. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, मन बऱ्यापैकी शांत असताना सराव करा. परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदाच करून पाहिलं तर साधत नाही.

चहाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण अभ्यासिकेखालची टपरी रात्री दहापर्यंत सोबत करते, हे गृहीत धरतो. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे दहाच्या चहाचा अर्धा अंमल तीनला शिल्लक असतो. शेवटचा चहा दुपारी दोनला घ्या. आठवडाभरात एकेक कप कमी करत या. एकदम तोडलात तर डोकं ठणकेल.

कॉट बेसिसवर राहताना कॉटच टेबल होते, हे कळतं. तरी पुस्तकं तिच्यावरून उतरवा. झोप येत नाही असं वाटलं तर सुमारे वीस मिनिटांनी उठा, मंद उजेडात बसा, डोळे जड झाल्यावरच परत जा. घड्याळ बघू नका. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा. सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत कंटाळवाणा, पण झोपेची घडी बसते ती यानेच. संध्याकाळी पंधरा मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा : वहीत एका बाजूला काळजी, दुसऱ्या बाजूला उद्या करता येईल असं एक काम. काम सुचलं नाही तर रकाना कोरा राहू द्या.

आणि एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड व ईसीजी तपासून घ्या. मेसच्या जेवणावर दिवस काढणाऱ्या मुलींत रक्त कमी असल्याने धडधड होणं नेहमीचं आहे, आणि ती श्वासाच्या सरावाने जात नाही. जगणं नको असं कधी मनात आलं, तर १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर त्याच वेळी बोला. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय ५२. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर, त्यांचं सगळं मीच करते. सतत पित्त, डोकं जड. मिश्री लावली की तेवढ्यापुरतं उतरतं. ती वाईट का?

उत्तर : मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दोन वेळांच्या मध्ये निकोटिन उतरतं तेव्हा चिडचिड होते, डोकं जड होतं. पुन्हा लावली की तेच भागतं, आणि ताण गेला असं वाटतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी मोफत आहे. पहिला आठवडा सर्वांत जड जातो. सासूबाईंजवळ दुसरं कुणी असेल असा आठवडा निवडा.

रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे तुमची झोप रोज तुकड्यांत होते. एका माणसाने हे वर्षानुवर्षं करायचं कामच नाही. एअर मॅट्रेस घ्या, म्हणजे किती वेळाने वळवलं तरी चालेल हे डॉक्टरांना विचारता येईल. दीर-नणंदांना ‘मदत करा’ असं मोघम सांगू नका. ‘शनिवारी रात्री दहा ते सकाळी सहा तुमच्याकडे’ असं ठरवून कॅलेंडरवर लिहा.

‘पित्त’ हा शब्द मात्र जपून वापरा. छातीत दाब, घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, थोड्या कामाने धाप, अशी ‘पित्ता’ची लक्षणं हृदयविकाराची असू शकतात, बायकांत तर विशेष. असं झालं तर सोड्याचं पाणी पिऊन वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

प्रश्न : झोपेसाठी वर्षभर रोज अल्प्राझोलम घेतो, औषधाच्या दुकानातून. उद्यापासून बंद करायचं ठरवलंय.

उत्तर : उद्यापासून नको. इतक्या दिवसांची गोळी एकदम थांबवली तर झोप पूर्ण उडते, थरथर सुटते, फिटही येऊ शकते. मनोविकारतज्ज्ञांकडे गोळीचं पाकीट घेऊन जा. ते मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरवतील. तोवर आहे ती मात्रा वाढवू नका, दारूबरोबर कधीच घेऊ नका, आणि गोळीनंतर दुचाकी चालवू नका.