नोट कुणाची?

प्रिय पोरी,

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर तुझं लॉगिन उघडं होतं, सरांनी त्यावरच तू लिहिलेली पेशंटची नोट बदलली, खाली नाव तुझंच राहिलं. आता ‘ही नोट कुणाची?’ म्हणून तू विचारतेस. धीर देत बसत नाही, तो तुझ्यात आहे. जे तू पाहिलंस, ऐकलंस, तेवढंच तुझ्या नावावर. बाकीचं ज्याचं त्याच्या नावावर.

आपल्या भागात हे जास्तच जपावं लागतं. निपाणीची बाई मराठीत सांगते, गोकाकची कन्नडमध्ये, नोट इंग्रजीत. मध्ये कधी सून, कधी वॉर्डातली मावशी अर्थ सांगणार. आमच्याकडे गोकाककडची एक आजी आली होती, ‘सुस्तु’ म्हणत. कन्नडमध्ये सुस्तु म्हणजे थकवा. आमच्या मराठी रेसिडेंटला ती सुस्ती वाटली, त्यानं ‘ड्राउझी’, म्हणजे गुंगीत, असं लिहिलं. चार दिवस तीच ओळ कॉपी होत गेली आणि रोज खाली माझी को-साइन, म्हणजे वरिष्ठ म्हणून सही. पाचव्या रात्री आजी खरोखरच गुंगीत गेली. सिस्टरनं लगेच कळवलं. ड्युटी डॉक्टरनं स्क्रीन पाहिली, तर पहिल्या दिवसापासून ड्राउझीच! नवं काही नाही असं वाटलं, रक्तातलं सोडियम तपासलं ते सकाळी. आजी वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही.

तेव्हा को-साइनसाठी नोटांचा ढीग पडलेला असायचा, हे कारण मी आजही स्वतःला देतो. खोटं नाही ते. पण मी रोज तिच्या कॉटपाशी उभा राहायचो, ती माझ्याशी नीट बोलायची, आणि सही मात्र दुसऱ्याच्या ओळीवर केली.

म्हणून हिस्टरी कुणी सांगितली, कुठल्या भाषेत, दुभाषी कोण, हे आधी लिही. पेशंटचा शब्द जसाच्या तसा ठेव. लॉगिन रात्रीपुरतंसुद्धा कुणाला नाही. किती वेळा सांगायचं तुम्हा मुलांना! ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ठेवतो त्या बदलांच्या नोंदीत, खुर्चीत कोण बसलं होतं ते दिसत नाही, लॉगिन कुणाचं ते दिसतं. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटनं कागद मागितले तर 72 तासांत द्यावे लागतात. त्यावर नाव तुझं असणार.

उद्या राउंडआधी सरांना गाठ. त्यांचं मत त्यांनी त्यांच्या लॉगिननं अ‍ॅडेन्डम, म्हणजे मागाहून जोडलेली वेगळी नोंद, म्हणून घालावं. रागावले तर रागावू देत. मग तुझं अ‍ॅडेन्डम: कुठलं वाक्य माझं, कुठलं नाही. मूळ नोट पुसू नकोस. तारीख उद्याची पडेल, पडू दे.

तुझा,
काका