टिंपनीला अजून कोणत्या काड्या घेऊ?

प्रश्न: ताई, मी कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात टिंपनी (सुरात लावता येणारे मोठे ड्रम) वाजवतो, आत्तापर्यंत सगळं काड्यांच्या एकाच मिडियम (ना फार मऊ, ना फार कडक) जोडीवर भागवलंय. या वेळी हायडन आणि बेर्लिओझ या जुन्या युरोपियन संगीतकारांच्या रचना आणि शेवटी फिल्म म्युझिकची मेडली आहे. बजेट अजून दोनच जोड्यांचं आहे, काय घेऊ? आणि जोरात वाजवायला हार्डच लागतात ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी शेवटचं सांगते कारण बरेच जण तिथेच गोंधळतात. नाही, जोरासाठी हार्ड नको. आवाज मोठा होतो तो हाताच्या वजनाने, हार्ड काडीने ठोका स्पष्ट येतो, म्हणजे अगदी हळू वाजवतानाही हार्ड लागू शकते आणि घुमणाऱ्या हॉलमध्ये तर लागतेच, नाहीतर मागच्या रांगेत सगळा एकच गडगडाट पोचतो.

हायडनसाठी लहान डोक्याची, पातळ फेल्टची (दाबून केलेल्या लोकरीच्या कापडाची) हार्ड जोडी घ्या. त्या काळी ड्रम लहान, त्यावर खरं कातडं आणि काड्या लाकडी, त्यामुळे ठोका कोरडा आणि नेमका यायचा. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचं हेड असतं, त्यावर नुसतं लाकूड फार कर्कश वाजतं, म्हणून वर पातळ कव्हर हवंच.

बेर्लिओझला सॉफ्ट. या माणसाने 1830 च्या 'सिंफनी फँटास्टिक'मध्ये स्पंजच्या काड्या वापरा असं स्कोअरमध्येच (रचनेच्या लिखित प्रतीत) लिहून ठेवलं, आणि तिसऱ्या मूव्हमेंटच्या (भागाच्या) शेवटी चार जणांकडून लांबून येणारा मेघगर्जनेचा आवाज काढून घेतलाय, मला तो भाग फार म्हणजे फारच आवडतो! तिथे एकेक ठोका मोजता आला तर मजाच गेली, रोल (दोन्ही काड्यांचे भराभर ठोके) सलग वाटला पाहिजे, आणि खालच्या सुरांवर रोल जरा सावकाश ठेवा, मोठं कातडं स्वतःच घुमत राहतं, घाई केली की ते दबतं.

मेडलीला तुमची मिडियमच पुरे, नवीन काही घेऊ नका.

दुकानात दोन्ही जोड्या हातात धरून बघा, दांड्याचं वजन तुमच्या मिडियमच्या जवळपास असू दे, नाहीतर चालू पीसमध्ये काड्या बदलल्या की हात चुकतो. फेल्टला शिवण असेल तर वाजवताना ती वरच्या बाजूला ठेवा, कातड्यावर शिवण लागली की टक्कन वेगळा आवाज येतो. आणि कडेपासून साधारण 10 सेंमी आत वाजवा, मध्यावर वाजवून कुठलीच काडी चांगली वाटणार नाही.