ट्रॅव्हल ट्रेलरला खाली दुमडणाऱ्या पायऱ्या घ्याव्यात की सॉलिड स्टेप?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत राहता, ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीच्या मागे हुकला जोडून ओढायचं चाकांवरचं घर) की फिफ्थ व्हील (ज्याचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या वर येतो तसा ट्रेलर) हे अजून ठरत नाहीये, उन्हाळ्यात नाशिकहून आईबाबा येणारेत, बाबांचा एक गुडघा बदललेला आहे आणि डीलर म्हणतोय की साध्या दुमडत्या पायऱ्या पुरतात, सॉलिड स्टेपवर (जमिनीला टेकणाऱ्या, प्रवासात उचलून दाराच्या आत ठेवायच्या पायऱ्यांवर) उगाच खर्च कशाला. माझं मत सांगतो, आईबाबा येणार असतील तर सॉलिड स्टेपच घ्या. पण त्याच्याही आधी एकेक पायरी किती इंचांची पडणार ते मोजा, कारण पायरी कितीही भक्कम असली आणि चढ नऊ इंचांचा असेल तर त्या गुडघ्याला रोज दहा वेळा त्रास होणारच.

हिशोब सोपा आहे. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतची उंची घ्यायची आणि पायऱ्यांच्या संख्येत एक मिळवून भागायचं, कारण शेवटच्या पायरीवरून उंबऱ्यावर चढणं हाही एक चढच असतो. उंबरा २४ इंचांवर असेल आणि पायऱ्या दोन, तर प्रत्येक चढ ८ इंच. फिफ्थ व्हीलची फ्लोअर जास्त उंच असते, समजा ३६ इंच, तर तीन पायऱ्यांत ९ इंच आणि चार पायऱ्यांत ७ इंचांच्या जरा वर. अमेरिकेत घरातल्या जिन्याच्या पायरीला बिल्डिंग कोड साधारण पावणेआठ इंचांच्या वर जाऊ देत नाही आणि पाय ठेवायला किमान १० इंच जागा मागतो, तेवढं डोक्यात ठेवून ट्रेलर बघा. आता यात डीलर सहसा सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या लॉटवर डांबरी सपाट जमीन असते आणि कॅम्पसाइटवर तशी नसते. दार उजव्या बाजूला असतं, साइट त्या बाजूला उतरती निघाली तर ट्रेलर लेव्हल करायला उजवी चाकं फळ्यांवर चढवावी लागतात, म्हणजे दाराकडची बाजू दोन-तीन इंच वर जाते आणि ते सगळे इंच सर्वात खालच्या पायरीच्या वाट्याला येतात. फ्रेमला लटकलेल्या दुमडत्या पायऱ्यांना याच्यावर इलाजच नाही, खाली स्टूल किंवा फळी टाकायची एवढंच. सॉलिड स्टेपला खाली पाय असतात, पिन काढून त्यांची लांबी कमीजास्त करता येते, आणि मला तरी हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

दुसरा फायदा म्हणजे हलत नाही. जुन्या पद्धतीच्या पायऱ्या दाराखाली फ्रेमला बोल्ट केलेल्या असतात, जमिनीला टेकत नाहीत, पाय पडला की सगळा भार सांध्यांवर आणि फ्रेमवर येतो, दोन-तीन सीझन गेले की रिव्हेट सैल होतात आणि पायरी पुढच्या बाजूला झुकायला लागते. तरुण माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण माझ्या सासूबाई साडी नेसतात, त्यांना एका हातात निऱ्या धरायच्या असतात आणि पायरी जराशी जरी हलली तरी त्या तिथेच थबकतात, घाबरतात आणि मग बाहेर यायचंच टाळतात. आईंना दिवसभर आत बसवून ठेवायला तर आपण ट्रेलर घेत नाही ना. साडीवरून आठवलं, पायरीला भोकं पाडलेला खरखरीत पत्रा असेल तर कडांवरून हात फिरवून बघा, धारदार कडेत काठ अडकतो.

सॉलिड स्टेपमध्ये लिपर्टची सॉलिडस्टेप आणि मोरराइडची स्टेपअबव्ह ही दोन नावं तुम्हाला जास्त दिसतील, दोन्ही कंपन्या इंडियानातल्या एल्कहार्टच्या, जिथे आजूबाजूला अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर बनतात. प्रवासात ती उचलून दाराच्या आतच उभी करायची आणि दार लावायचं. टॉर्कलिफ्टची ग्लोस्टेप जरा वेगळी आहे, ती कात्रीसारखी उघडते आणि तिलाही जमिनीला टेकणारे पाय येतात. विजेवर आपोआप बाहेर येणारी पायरी मुख्यतः मोटरहोमवर (स्वतःचं इंजिन असलेल्या घरगाडीवर) असते, ट्रेलरसाठी तिच्या मागे लागू नका, ती पण जमिनीला टेकत नाही आणि वर वायर, मोटर, दाराचा स्विच हे सगळं सांभाळत बसायचं.

सॉलिड स्टेपचे तोटेही आहेत ते ऐकून घ्या. पाऊस झाला की चिखल लागलेली पायरी तशीच उचलून घरात आणायची, म्हणजे निघताना आधी ब्रशने झाडून पुसून घ्यायची, त्यासाठी एक जुना टॉवेल दाराजवळच ठेवा. हायवेच्या रेस्ट एरियात थांबून आतलं टॉयलेट वापरायचं असेल तर दार उघडलं की समोर पायरीच उभी, ती आधी खाली करायला लागते, आणि बाहेर मोकळी जागा नसेल तर ते होत नाही. चार पायऱ्यांचा सेट चांगला चार फूट किंवा जास्तच पुढे येतो, छोट्या साइटवर पिकनिक टेबल मध्ये येतं. उचलायला वजन असतं, काहींना गॅस स्ट्रट (उचलायला जोर देणारा गॅसचा दांडा) लावलेला असतो त्याने हलकं होतं, तर घेण्याआधी घरातल्या ज्या माणसाला ती रोज उचलायची आहे त्याच्याकडूनच डीलरकडे दोनदा करून घ्या. उलट बाजूने बघितलं तर पायऱ्या दाराखालून गेल्या की तिथे खाली लटकणारं काही राहत नाही, पेट्रोल पंपाच्या उतारावर पायरी घासत नाही.

जुना ट्रेलर घेऊन नंतर बसवणार असाल तर दाराच्या आतल्या चौकटीची रुंदी मोजा (दाराची नव्हे), कारण पायरी चौकटीत बसते, आणि जाळीचं दार लागतंय का तेही बघा. आणि दाराशी फ्लोअरवर टाच दाबून बघा. पावसाचं पाणी झिरपून तिथलं लाकूड बरेचदा कुजलेलं असतं, वरून व्हिनायल चकचकीत दिसतं आणि खाली भुसा. अशा फ्लोअरला स्क्रू धरणार नाहीत, तर आधी फ्लोअर दुरुस्त करून घ्या, मग पायरी. जुन्या पायऱ्या बोल्टने लावलेल्या असतील तर तासाभराचं काम, वेल्ड केलेल्या असतील तर ग्राइंडर आला. खर्च काही शे डॉलरचा आहे, फुकट नाही, पण ट्रेलरच्या किमतीपुढे बघा आणि पडून मोडलेल्या हाडाच्या बिलापुढे बघा. आईबाबा व्हिजिटर इन्शुरन्सवर असतात, त्यात काय कव्हर होतं काय नाही हे आपल्या सगळ्यांना माहितीये.

आता हँडल, यावर लोक पायऱ्यांच्या निम्माही विचार करत नाहीत. बाबांना फिजिओने सांगितलंच असेल, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पण दाराला हँडल बहुतेक एकाच बाजूला असतं, म्हणजे चढताना ते उजव्या हाताला असेल तर उतरताना डाव्या हाताला येतं. म्हणून सुरुवातीला बाबांना तोंड ट्रेलरकडे करून, शिडी उतरतात तसं मागे मागे उतरायला सांगा, मग हात तोच राहतो आणि हँडल सुटत नाही. आमच्याकडे सासरे असेच उतरतात. हँडल कोपरापर्यंत लांब, दुमडून दारावर येणारं घ्या, आणि ते नुसत्या फायबरग्लासच्या पत्र्यात नाही तर आतल्या फ्रेमिंगमध्ये बोल्ट झालंय ना ते विचारून घ्या, पूर्ण वजन टाकून ओढून बघा. सॉलिड स्टेपलाच जोडायचं रेलिंगही मिळतं, दोन्ही हातांना आधार होतो, आई-बाबांसाठी मी तेही घेईन.

फिफ्थ व्हीलबद्दल आणखी एक, त्यात बेडरूम पुढे पिकअपच्या वर असते आणि बाथरूमही बरेचदा तिथेच वर असतं, म्हणजे दाराच्या पायऱ्या झाल्या तरी आतही दोन-तीन पायऱ्या आहेतच. रात्री अंधारात बाबा त्या किती वेळा चढउतार करणार? फक्त याच कारणासाठी मी तुम्हाला ट्रॅव्हल ट्रेलरकडे वळवीन.

बाकी छोट्या गोष्टी. वाळूत किंवा ओल्या गवतावर पायरीचे पाय रुततात, इंडियाना ड्यून्सकडे हे हमखास होतं, खाली प्लायवुडचे तुकडे टाका. पायरीवर कार्पेटचं कव्हर घालू नका, लोखंडी पायरी असेल तर त्याखाली पाणी धरून गंजते, त्यापेक्षा खरखरीत ग्रिप टेप लावा आणि कडेला चमकणारी पट्टी, रात्री कड दिसते. सांध्यांना ग्रीस नको, धूळ चिकटते, कोरडं सिलिकॉनचं स्प्रे वापरा. चपला पायरीवर काढायची आपली सवय असते ती मोडा, पायरीवर चप्पल म्हणजे पडायला आमंत्रण, खाली बाजूला एक मॅट आणि टब ठेवा. पायरीवर किती वजन चालतं त्याचं लेबल असतं तेही वाचा, दोघं एकदम चढतात तेव्हा उपयोगी पडतं.

मॉडेल ठरलं की उंबऱ्याची उंची आणि चौकटीची रुंदी इथे लिहा, तीन पायऱ्यांचा सेट बसेल की चारचा ते बघून सांगतो.