लग्न नाशिकला, हजेरी स्लाऊला

प्रश्न : माझ्या सख्ख्या भावाचं लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला आहे. आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. मुलगी इयर फाइव्हला, धाकटा रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात. तो जानेवारीत पाच वर्षांचा होईल. हाफ टर्म, म्हणजे टर्मच्या मधली आठवड्याची सुट्टी, लग्नाच्या पुढच्या आठवड्यानंतर लागते. चार दिवस आधी पोहोचून लग्न, सत्यनारायण, वणीचं दर्शन सगळं उरकून हाफ टर्म संपताना परतायचं, असा बेत आहे. म्हणजे शाळेचे दहा दिवस बुडतात. यांच्या ऑफिसातले दोघेतिघे सांगतात, सरळ ‘व्हायरल ताप’ म्हणून कळवा, सगळे तेच करतात. करू का?

उत्तर : नको. खोटं बोलू नये वगैरे तूर्त बाजूला ठेवते, नुसता व्यवहार बघा. तुमची मुलगी मामाच्या लग्नात कोपरापर्यंत मेंदी काढणार. हातावरची उतरेल, नखांवरची महिनाभर हलत नाही. परतल्यावर सोमवारी बाई वर्गात विचारणार, ‘सुट्टीत काय केलंस?’ आणि ती घोडा, बँड, नव्या मामीचा शालू असं सगळं रंगवून सांगणार. ‘सांगू नकोस हं’ म्हणून तिला पढवायचं, तर नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर दोन आठवडे आधीपासून ते ओझं. शिवाय शाळेने तुमच्या मोबाइलवर फोन केला, की भारतातली रिंग वेगळी वाजते, हे स्कूल ऑफिसमधल्या बाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आजारपणासाठी शाळा एरवी पुरावा मागत नाही. शंका आली तर मात्र मागू शकते. आणि एकदा अशी शंका बसली, की पुढे मुलगी खरोखर तापाने फणफणली तरी तुमच्या मेलकडे तिरक्या नजरेने बघतात.

आपल्याकडे हजेरी हा विद्यार्थ्याचा मामला. कॉलेजात ७५ टक्के भरली नाही तर फॉर्म अडतो, फार तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं आणि मोकळं व्हायचं. इंग्लंडमध्ये ती आईबापांची कायदेशीर जबाबदारी आहे. १९९६च्या शिक्षण कायद्याच्या ४४४व्या कलमाप्रमाणे शाळेत नाव असलेलं मूल नियमित आलं नाही, तर गुन्हा पालकांचा. ‘आमच्या मुलीची हजेरी वर्षभर ९६ टक्के आहे’ हा बचाव आता चालत नाही. आयल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी २०१५च्या एप्रिलमध्ये मुलीला शाळा बुडवून फ्लोरिडाला नेलं आणि दंड भरायला नकार दिला. बाकी हजेरी चांगली आहे म्हणून खालच्या कोर्टांनी त्यांची बाजू घेतलीसुद्धा. पण २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला : नियमित म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे, बहुतेक दिवस नव्हे.

हेडटीचरना सुट्टी देता येते, पण फक्त अपवादात्मक परिस्थितीत. कौटुंबिक सुट्टीसाठी वर्षाकाठी दहा दिवसांपर्यंत रजा देण्याची जुनी सवलत २०१३च्या सप्टेंबरपासून गेली. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या काकूंचा ‘अगं, आम्ही दरवर्षी जायचो’ हा सल्ला आता ऐकू नका. (वेल्समध्ये हेडटीचर अजूनही दहा दिवसांपर्यंत विचार करू शकतात आणि स्कॉटलंडमध्ये असा दंडच नाही. तेव्हा कार्डिफच्या नणंदेचा किंवा ग्लासगोच्या मित्राचा अनुभव स्लाऊला लावू नका.)

मग अपवादात्मक कशाला म्हणायचं? ठरलेली यादी नाही, हेडटीचर ठरवतील ते. फिरायला जायचं, तिकीट स्वस्त मिळतंय, ही कारणं बसत नाहीत. जवळच्या माणसाचं निधन सहसा बसतं. सख्ख्या भावाचं लग्न अधलंमधलं आहे : दोन-तीन दिवस देणारे हेडटीचर पुष्कळ, दहा दिवस देणारे जवळपास नाहीत. म्हणून दहा मागून दहा नाकारून घेण्यापेक्षा तीन मागा. अर्ज आधी करायचा, परत आल्यावर मंजुरी मिळत नाही. मूल ज्यांच्याजवळ राहतं त्या आईने किंवा वडिलांनी करायचा. आजोबांनी पाठवलेलं पत्र अर्ज ठरत नाही. त्यात नातं, लग्नाची तारीख, नेमके कोणते दिवस, परतीची तारीख आणि मुलीची आतापर्यंतची हजेरी एवढंच लिहा. लग्नपत्रिकेचा फोटो जोडा आणि खाली दोन ओळींत इंग्रजीत अर्थ द्या. गणपतीच्या चित्राखालचं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हेडटीचरना कळायचं नाही. विनंतीत आर्जव असू द्या, पण पानभर कुटुंबपुराण नको.

आता पैशांचं बोलू, कारण ‘दंड भरून टाकू, तिकिटात त्याच्या तिप्पट वाचतात’ हा हिशेब घरोघरी होतो. इंग्लंडमध्ये २०२३-२४ या शालेय वर्षात पावणेपाच लाखांहून जास्त दंडाच्या नोटिसा निघाल्या, दहातल्या नऊ सुट्टीपायी. म्हणजे हिशेब फक्त आपणच करतो असं नाही. २०२४च्या ऑगस्टपासून दर असे आहेत : पहिल्या वेळी दर मुलामागे दर पालकाला १६० पौंड, २१ दिवसांत भरले तर ८०. तीन वर्षांच्या आत त्याच मुलासाठी पुन्हा वेळ आली तर सरळ १६०, सवलत नाही. तिसऱ्यांदा नोटिस येत नाही, प्रकरण सहसा कोर्टात जातं. तिथे दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. दर मुलामागे आणि दर पालकाला, हे नीट वाचा. दोन मुलं आणि दोघं पालक म्हणजे चार नोटिसा.

तुमच्या बाबतीत मात्र दोनच. शाळेत येण्याची सक्ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या टर्मपासून सुरू होते. धाकटा जानेवारीत पाचचा झाला, तर त्याच्यावर कायदा ईस्टरनंतरच्या टर्मपासून लागू. फेब्रुवारीत त्याची गैरहजेरी रजिस्टरमध्ये विनापरवाना लागेल, हेडटीचर नाराज होतील, पण त्याच्या नावाने दंड होत नाही. थोरलीचे वेळेत भरलेत तर दोघांचे मिळून १६० पौंड.

काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, प्रकरण कधी जातं? प्रत्येक शालेय दिवसाची दोन सत्रं, सकाळ आणि दुपार. शाळेच्या दहा आठवड्यांत विनापरवाना दहा सत्रं बुडाली की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. हे दहा आठवडे दोन टर्ममध्ये, अगदी दोन शालेय वर्षांतही विभागलेले असू शकतात. ‘आम्ही चारच दिवस गेलो, पाच नाही’ म्हणणारे इथेच फसतात. रजिस्टर बंद झाल्यावर मूल पोहोचलं तर ते सत्रही विनापरवाना बुडालं असं धरतात. चार दिवसांची आठ सत्रं, त्याआधी दोनदा सकाळी उशीर, झाली दहा.

नोटिशीविरुद्ध अपील नसतं. भरा, नाहीतर कोर्टात बाजू मांडा. वेळेत भरलात तर ती गुन्ह्याची शिक्षा ठरत नाही. कोर्टात दोषी ठरलात तर ठरते, आणि पुढे कायमच्या वास्तव्याच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जात शिक्षांबद्दल विचारतात तेव्हा ती लिहावी लागते. व्हिसावर असलेल्यांनी ‘तिसऱ्यांदा बघू’ म्हणताना एवढं ध्यानात ठेवावं.

याहून मोठी भीती मला वेगळीच वाटते. तिकडे गेल्यावर आजी आजारी पडते, मुक्काम लांबतो, शाळेला कोणी कळवत नाही. रजा नसताना मूल सलग २० शालेय दिवस आलं नाही, शाळेने आणि काउन्सिलने चौकशी करूनही पत्ता लागला नाही, तर शाळेला नाव काढता येतं. चांगल्या शाळेबाहेर रांग असते, ती जागा त्याच आठवड्यात भरते. म्हणून मुक्काम लांबला तर तिथूनच मेल करा, हॉस्पिटलचा कागद जोडा, परतीची नवी तारीख द्या. उत्तर कडक आलं तरी चालेल, पण तुम्ही कुठे आहात हे त्यांना ठाऊक असू द्या.

माझं मत विचाराल तर लग्नाच्या दोन दिवस आधी पोहोचा, मंजूर होतील तेवढे दिवस राहा आणि परत या. वणी उन्हाळ्यात करा. नाहीतर मुलांच्या बाबांनी मुलीला घेऊन चार दिवसांसाठी यावं, तुम्ही धाकट्याला घेऊन पुढे जावं. खर्च होईल, पण भावाचं लग्न एकदाच आहे.

आणि पुढच्या लग्नाला तारीख ठरायच्या आधी तोंड उघडा. इथलं शालेय वर्ष आणि आपलं पंचांग एकमेकांवर रुसून बसल्यासारखं आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तेव्हा इथे टर्म ऐन भरात. नाताळची सुट्टी लागते तोवर पुष्कळदा पौष येतो. जुलै-ऑगस्टची सहा आठवड्यांची सुट्टी जवळपास अख्खी चातुर्मासात. उरला ईस्टरचा पंधरवडा आणि मेअखेरचा हाफ टर्म, त्यातही २०२६सारखा अधिक ज्येष्ठ आडवा आला तर मे गेलाच. माहेरी वधूपक्ष-वरपक्ष हॉल बघायला बसतात, तेव्हाच शाळेचं कॅलेंडर व्हॉट्सॲपवर टाका. इन्सेट डे कुठे आहेत तेही त्यात असतं, त्या दिवशी मुलांना शाळाच नसते. मामाला भाची हवी असेल तर तो मुहूर्त हलवेल. निदान विचारायला तरी काय हरकत आहे?

प्रश्न : मुलगा इयर नाइनला, रेडिंगच्या एका शाळेत. त्याने कॉरिडॉरमध्ये एकाला ढकललं म्हणून दोन दिवसांचं सस्पेन्शन आलं. मुलाचं म्हणणं, तो मुलगा महिनाभर त्याला डब्यावरून आणि रंगावरून चिडवत होता. मागच्या महिन्यात शाळेने दोनदा फोन करून ‘आज घरी न्या, शांत होऊ दे, रेकॉर्डवर घेत नाही’ असंही सांगितलं होतं. मी आभार मानून घेऊन आलो. आजोबा फोनवर म्हणतात, दोन ठेवून दे.

उत्तर : ते आभार परत घ्या. शांत होण्यासाठी म्हणून कागद न करता मुलाला घरी पाठवणं इंग्लंडमध्ये बेकायदेशीर आहे, पालकांनी होकार दिला तरीही. ‘रेकॉर्डवर नाही’ ऐकून आपल्याला बरं वाटतं, पण कागद नाही म्हणजे कारण नाही, मुदत नाही आणि दाद मागायला जागाही नाही. पुन्हा असा फोन आला तर नम्रपणे सांगा, ‘हे सस्पेन्शन असेल तर लेखी द्या.’ बहुतेकदा मूल शाळेतच राहतं.

आता जे सस्पेन्शन आलंय त्याचं. हेडटीचरने कारण आणि मुदत विनाविलंब लेखी कळवायची असते. पत्र आलं नसेल तर मागा. या दोन दिवसांचा अभ्यास शाळेने द्यायला हवा, तोही मागा. शाळेच्या वेळात मुलाला विनाकारण बाहेर नेऊ नका, टेस्कोतसुद्धा. सस्पेन्शनच्या पहिल्या पाच दिवसांत मूल सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी दिसलं तर त्याचाही दंड पालकांनाच.

मग चिडवण्याचं. मुलाकडून तारखा, जागा, कोण जवळ होतं, काय शब्द वापरले, हे शांतपणे काढून घ्या आणि एका पानात हेडटीचरना लिहा. रंगावरून चिडवणं ही शाळेने गांभीर्याने घ्यायची बाब आहे, आणि मुलाने का ढकललं याचा विचार करणंही तिचं काम आहे. ‘आमचा मुलगा असा नाहीच’ हे वाक्य मात्र गाळा, मीटिंगमध्ये ते रोज कोणीतरी म्हणतंच. ढकललं ते चुकलं, हे आधी मान्य करा, मग महिनाभराचं चिडवणं मांडा. तेच पत्र गव्हर्नरांना, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला, पाठवता येतं. इतक्या छोट्या सस्पेन्शनमध्ये ते निर्णय फिरवू शकत नाहीत, पण तुमचं म्हणणं त्यांना विचारात घ्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं. पुढे कधी मोठं काही घडलं तर हाच कागद कामी येईल. डिटेन्शनसाठी (शिक्षा म्हणून जादा वेळ शाळेत थांबवणं) मात्र तुमची परवानगी लागत नाही, त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका.

आजोबांना सांगा, इथे सरकारी शाळांतली छडी १९८७मध्येच गेली. घरच्याही ‘दोन’चं तसंच. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मुलावर हात उगारणं पूर्ण बेकायदेशीर आहे. इंग्लंडमध्ये कायदा थोडी सूट देतो, पण अंगावर वळ उठला किंवा मुलगा वर्गात बोलला, तर शिक्षकांना ते वर कळवावंच लागतं आणि मग दारात सोशल वर्कर उभे राहतात. ढकलाढकलीची गोष्ट शाळेतच मिटवा, घरी नवी उभी करू नका.

थोडक्यात, गणपतीबद्दल : तीन पत्रांत एकच प्रश्न आला, सुट्टी मिळते का? धार्मिक सणासाठी रजिस्टरमध्ये वेगळा ‘आर’ कोड असतो. तो लागला की ती गैरहजेरी मंजूर, दंडाच्या हिशेबात धरत नाहीत. तो त्या सणाच्या दिवसापुरता असतो, प्रवासासाठी किंवा दहाही दिवसांसाठी नाही. २०२६ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शाळा सुरू होताच पहिल्या आठवड्यात स्कूल ऑफिसला मेल करून सांगा, की प्राणप्रतिष्ठा त्याच दिवशी असते. नंतर रजिस्टरचा उतारा मागून कोड नीट लागलाय ना, तेही बघून घ्या. चुकून विनापरवाना लागला असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.